डोकं उगवतीला

मित्रांनो, मी एक जुनी पहार आहे. पहार म्हणजे काय, हे आता तुमच्यातल्या निम्म्यांना सांगावं लागतं, म्हणून सांगते. माणसाच्या छातीइतकी उंच, अंगठ्याहून जाड अशी लोखंडाची सरळ सळई, आणि खालच्या टोकाला धार. दोन्ही हातांनी उचलायची आणि जमिनीत मारायची, एवढंच माझं काम. मला दांडा नाही, पातं नाही, मोटार नाही. त्यामुळे माझ्यात मोडण्यासारखं काही नाही, अशी माझी शंभर वर्षं समजूत होती.

गेल्या पौषात ती समजूत संपली. माझं टोक चार बोटं तुटलं, आणि जिथं तुटलं तिथंच मातीत राहिलं. मला खरं तर त्या तुकड्याचीच गोष्ट सांगायची आहे. पण पहारीची जात सरळ. मधूनच सुरुवात करणं मला जमत नाही, म्हणून जन्मापासून येते.

माझं गाव रिसालगाव. केजहून नांदूरघाटाकडे जाताना आडवाटेला लागतं. निजामाच्या काळात इथं घोडदळाची छावणी होती. पुढे छावणी उठली, घोडे गेले, पण काही माणसं मागं राहिली. त्यांत मुसलमान शिपाई होते, ख्रिस्ती कंपाउंडर होते, आणि घोड्यांच्या दवाखान्यात नोकरीसाठी कोकणातून आलेलं एक यहुदी कुटुंबही होतं. हे तिघेही आपली माणसं पुरतात. म्हणून गावाबाहेरच्या माळावर तिघांच्याही कबरी एकाच दगडी भिंतीच्या आत आहेत. मोठा भाग मुसलमानांचा, मधला ख्रिस्त्यांचा आणि आतला कोपरा यहुद्यांचा.

तो माळ मोठा हट्टी. वर हातभर मुरूम, आणि खाली जागोजागी काळा दगड. एका वर्षी पटकीची साथ आली, रोज एक-दोन माणसं जाऊ लागली, आणि तिन्ही समाजांच्या कुदळी वाकून गेल्या. तेव्हा मशिदीचे इमाम, चर्चचे पाळक आणि यहुद्यांचे हज्जान एकत्र बसले. हज्जान म्हणजे यहुद्यांची प्रार्थना म्हणणारे, त्यांचे सगळे विधी चालवणारे. तिघांनी मिळून छावणीतल्या मोडक्या गाड्याचा लोखंडी आस उचलला आणि लोहाराकडे नेला. तीन वाईट कुदळींपेक्षा एक चांगली पहार बरी, असं ठरलं. लोहारानं आस तापवला, ठोकला, टोक काढलं, पाणी दिलं, आणि मी झाले. फाटकाजवळच्या भिंतीत एक कोनाडा करून मला तिथं उभं केलं. त्या कोनाड्याला कधी कुलूप नव्हतं.

त्या तिघांनी माझ्यासाठी एक नियमही घालून दिला. ज्याच्याकडं मयत झालं, त्यानं पहार उचलायची नाही. मुसलमान गेला तर पाळक आणि हज्जान यांनी पहिले घाव घालायचे, ख्रिस्ती गेला तर इमाम आणि हज्जान यांनी. दुःख झालेल्यानं आपल्या माणसाजवळ बसावं, खड्ड्याची काळजी शेजाऱ्यानं करावी, असा त्यामागचा विचार. पहिले घाव झाले की पुढचं काम कबरी खोदणाऱ्या घराकडं. ते घर म्हाळूचं. म्हाळूच्या आज्यानं, बापानं आणि म्हाळूनं मला वापरलं.

माझी कामाची वर्षं अशीच गेली. बहात्तरच्या दुष्काळात मी खडीच्या कामावर जाऊन आले, गावच्या दोन विहिरींत उतरून आले. पण पहारीचं कौतुक कोण करतं? विहिरीला पाणी लागलं की लोक पाण्याला हळदकुंकू वाहतात. पुढं जेसीबी आला आणि माझं जाणंयेणं थांबलं. अंगावर गंज चढला. कोनाड्यात पालींनी घर केलं. वर्षातून तीनचार वेळा म्हाळू मला बाहेर काढी, दगडावर घासून टोक बघे आणि म्हणे, "म्हातारे, अजून दम हाय तुझ्यात." तेवढ्यावर मी वर्ष काढी.

आता आजच्या तिघांची ओळख करून देते, कारण या गोष्टीतही एक इमाम, एक पाळक आणि एक हज्जान आहेत.

हज्जान म्हणजे एलिझर झिराडकर सर. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. गावात यहुद्यांचं घर आता एकच उरलं होतं, त्यात सर आणि त्यांच्या पत्नी मल्काबाई. मुलगा इस्रायलात. इमाम म्हणजे मौलाना मुनीरोद्दीन, सरांचे विद्यार्थी. गणितात दोनदा नापास झालेले, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. पाळक म्हणजे शांतवन. बारीक अंगाचे, हळू बोलणारे, समोरच्याला दुखवायला नको म्हणून अर्धी वाक्यं गिळून टाकणारे.

तिघांचे पवित्र वार एकाला एक लागून. मौलानांचा शुक्रवार, सरांचा शनिवार, पाळकांचा रविवार. त्यामुळे तिघांना एकत्र बसायला सोमवारच सापडे. दर सोमवारी संध्याकाळी ते माळावर येत, भिंतीलगतच्या लिंबाखाली बसत आणि मल्काबाईंनी थर्मासातून दिलेला चहा पीत. शनिवारी सर विजेच्या बटणाला हात लावत नसत, म्हणून त्यांच्या घरची पाण्याची मोटार मौलाना येऊन चालू करत. नाताळात चर्चच्या खुर्च्या मांडायला सर जात आणि त्या मोजून सरळ रेषेत लावत. एखादी वाकडी दिसली तर पाळकांना झोप लागू देत नसत.

मल्काबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. तीस वर्षं. रिसालगावातली अर्धीअधिक पोरं त्यांच्या हातात पहिल्यांदा रडली आहेत, मौलानांची तिन्ही आणि पाळकांची दोन्ही धरून. एका सोमवारी थर्मास परत न्यायला त्या स्वतः आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "मी गेले तर मला घरात ठेवू नका. गेले त्याच दिवशी न्या. आणि गेले शुक्रवारी तर दिवस मावळायच्या आत न्या. नाही तर सर शब्बाथभर एकटे माझ्यापाशी बसून राहतील."

त्याचं असं आहे, मित्रांनो. शुक्रवारचा सूर्य बुडाला की यहुद्यांचा शब्बाथ लागतो. मग शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत पुरणं नाही, खोदणं नाही, दिवासुद्धा लावायचा नाही. बाईंचं ऐकून सरांनी कप खाली ठेवला. मौलाना म्हणाले, "जबान दिली, बाई." मल्काबाईंनी मान हलवली आणि थर्मास घेऊन गेल्या.

त्या वर्षी दूर इस्रायलाकडं लढाई पेटली होती. मोबाईलवर रोज मेलेल्या लेकरांची चित्रं येत. गावात गनीभाई नावाचे गवंडी आहेत, मशिदीच्या कमिटीतले वजनदार माणूस. ती चित्रं बघून त्यांचं काळीज जळायचं. त्यांनी सरांना सलाम करणं बंद केलं. सर दिसले की ते रस्ता बदलत. मौलानांनाही त्यांनी सांगून ठेवलं होतं की सोमवारचं बसणं आता पुरे. मौलाना येतच राहिले. पण लिंबाखालच्या गप्पांत मधेमधे गप्प बसणं वाढलं, हे मला भिंतीतून कळत होतं.

आणि मग तो शुक्रवार आला.

सकाळी आठला मल्काबाई चहा गाळता गाळता खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. दहाच्या सुमाराला मौलाना आणि पाळक माळावर आले. दोघांचे चेहरे उतरलेले. मौलानांनी मला कोनाड्यातून काढलं आणि खांद्यावर घेतलं.

म्हाळू गावात नव्हता. तो बायकोसह सांगलीकडं ऊसतोडीला गेला होता. निम्मं रिसालगावच कोयते घेऊन गेलं होतं, पाळकांच्या चर्चमधली धडधाकट माणसंही त्यातच. जेसीबीचा विषय निघाला आणि तिथंच संपला, कारण यहुद्यांचा कोपरा आत, आणि मध्ये सगळ्यांच्या कबरी. त्यांच्यावरून चाकं कोण नेणार? म्हणजे पहिल्या घावांपासून शेवटच्या घमेल्यापर्यंत हे दोघंच. एक पन्नाशीचा मधुमेही मौलाना आणि एक दमेकरी पाळक.

मौलानांनी पायानं माप घेतलं, बिस्मिल्ला म्हणून मला उचललं आणि पहिला घाव घातला.

मित्रांनो, त्या पहिल्याच घावाला मला कळलं की चुकलं.

त्या कोपऱ्यात आधीच्या चार कबरी आहेत, आणि चारही मी खोदल्या आहेत. त्या माझ्या अंगात आहेत. यहुद्यांची कबर पूर्व-पश्चिम असते. डोकं उगवतीला, पाय मावळतीला. मौलाना मात्र उत्तर-दक्षिण खोदत होते, जशी मुसलमानांची असते तशी. हातांना तीच सवय. त्यांच्या मनात काय चाललं होतं, तेही मला नंतर कळलं. कफन सारखं, खाण्यापिण्यातलं हलाल-हराम बरंचसं सारखं, मग कबर तरी वेगळी कशी असेल?

मी ओरडून सांगत होते. पण माझं ओरडणं म्हणजे काय, तर खण्ण. दगड लागला असेल म्हणून मौलाना आणखी जोरात मारत. मी आणखी ओरडे. साडेअकरा झाले, बारा झाले. खड्डा गुडघाभर झाला, आणि प्रत्येक घावाबरोबर मी माझ्याच टोकानं चूक खोल करत होते. इतकी लाचार मी कधी झाले नव्हते.

एक वाजता मौलाना जुम्म्याच्या नमाजाला गेले. पाळक एकटे राहिले. थोडं खणून ते थांबले आणि इकडंतिकडं बघू लागले. मला आशा वाटली. ते आधीच्या चार कबरींपाशी गेले, वरची कुसळं पायानं बाजूला केली. पण वरचे ओटे चौकोनी, दगड खचलेले, अक्षरं हिब्रू. दिशा काही कळेना. पाळकांच्या मनात शंका मात्र आली होती, कारण त्यांची स्वतःची माणसं पूर्व-पश्चिमच झोपवतात, फक्त डोकं मावळतीला. त्यांनी खिशातून फोन काढला. सरांचं नाव पुढं आणलं. अंगठा वर धरून किती तरी वेळ उभे राहिले.

मग त्यांनी फोन खिशात ठेवला. बायकोच्या मयताशेजारी बसलेल्या माणसाला 'डोकं कुठल्या बाजूला?' असं कसं विचारायचं, असं त्यांना वाटलं. आणि मौलानांना सांगावं, तर त्यांचा अपमान. त्यांना माहीतच असेल. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ना, ती त्या दिवशी माझ्या डोळ्यांदेखत खड्ड्याच्या काठावर येऊन बसली.

मौलाना अडीचला परतले ते एकटेच. चारपाच तरुण घेऊन येतो म्हणाले होते. त्यांनी पाळकांना जे सांगितलं ते असं : नमाजानंतर गनीभाई दारात उभे राहिले आणि पोरांना म्हणाले, ज्याला जायचं त्यानं माझ्या तोंडावर सांगून जावं. कुणी गेलं नाही. एवढं सांगून मौलानांनी बाह्या वर केल्या आणि पुन्हा मला उचललं.

सव्वाचारला खड्डा पुरा झाला. तेवढ्यात तिरडी आली. दवाखान्यातले दोघं आणि शेजारचे दोघं खांदा द्यायला होते. पुढं सर, पांढरी टोपी, हातात पुस्तक. मागं म्हाळूची आई भिवराबाई, पाण्याची कळशी घेऊन. तिनं आणि मौलानांच्या बायकोनं मिळून मल्काबाईंना शेवटची आंघोळ घालण्यासाठी पाणी भरलं होतं.

सर खड्ड्याच्या काठावर आले आणि थांबले. त्यांनी खड्डा बघितला. गणिताचा मास्तर, त्यांना दिशा बघायला किती वेळ लागतो? मग त्यांनी मौलानांचे हात बघितले. तळव्यांची सालं निघाली होती. पाळक लिंबाला टेकून धापा टाकत होते. सरांनी नजर खाली केली आणि पुस्तक उघडलं. ते काहीच बोलणार नव्हते. आपली बायको आडव्या दिशेला झोपवणार होते, पण मित्रांना दुखवणार नव्हते.

भिवराबाईला असली भीड नव्हती. तिनं कळशी खाली ठेवली आणि म्हणाली, "आवं मौलाना, ही अशी कावून खोदली? सरांच्या मानसांचं डोकं उगवतीला ऱ्हातंय. म्या अन् मपल्या मालकानं दोन खोदल्यात हितं."

 मौलानांनी सरांकडं बघितलं. "सर?"

"असू द्या, मुनीर," सर म्हणाले. "जमीन देवाचीच आहे. तो शोधून घेईल."

"मला शंका आलती," पाळक कसेबसे म्हणाले. "एक वाजताच आलती. मी विचारलं न्हाई."

मौलानांनी मला हातात घेतलं. त्यांचा चेहरा काळवंडला होता. दिवस मावळायला दोन तासही नव्हते. सरांनी पुस्तक खाली ठेवलं, पुढं आले आणि माझ्यावर हात टाकला. म्हणाले, "मग मलाही खणू दे. तिघं मिळून होईल." मौलानांनी मला सोडलं नाही. दोघांचे हात माझ्यावर, एक वर, एक खाली.

"न्हाई, सर. तुमच्याकडं मयत हाय. तुमी उचलायची न्हाई. गणितात चुकलो तवा तुमी पुन्हा सोडवायला लावायचे. आता बी पुन्हा सोडवतो."

सरांचा हात सुटला. ते मल्काबाईंजवळ जाऊन मातीत बसले.

सगळा खड्डा नव्यानं खोदायची गरज नव्हती. आहे त्याच खड्ड्याच्या मधून उगवतीकडं आणि मावळतीकडं वाढवायचं, आणि उत्तर-दक्षिणेचे तुकडे नंतर बुजवायचे. खांदेकऱ्यांनी खोरी आणि घमेली घेतली. मधे मौलाना भिंतीबाहेर जाऊन असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज पढून आले. मावळतीची बाजू मुरमाची, ती अर्ध्या तासात उघडली. तोवर वरून बघणाऱ्याला खड्डा अर्धवट क्रुसासारखा दिसू लागला होता. पाळकांच्या ते ध्यानात आलं आणि ते इतके ओशाळले की कपाळाचा घाम पुसायचं विसरले. सरांनी बसल्या जागेवरून बघितलं आणि म्हणाले, "शांतवन, मल्का म्हणाली असती, पाळकांनी जाताजाता डाव साधला." कुणाला हसू आलं नाही, पण पाळकांचा श्वास थोडा मोकळा झाला.

उगवतीच्या बाजूला मात्र गुडघाभरावर काळा दगड लागला. मौलाना मारतायत, आणि मी घसरतेय. नुसत्या ठिणग्या. पाच वाजले. लिंबाची सावली भिंतीवर चढली.

तेवढ्यात फाटक वाजलं. गनीभाई आले होते. ते रागात होते, आणि त्यांचा राग खोटा नव्हता. "मौलाना, असरच्या नमाजाला इमाम न्हाई मशिदीत. लोकं उभी हायेत. आन् इमाम हितं."

"असर मी भिंतीबाहेर पढलो," मौलाना म्हणाले. "तिथं तुमी पुढं उभं ऱ्हायचं होतं."

गनीभाईंनी सरांकडं बघितलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच. म्हणाले, "तिकडं लेकरं मरतेत, सर. रोज."

सरांनी मान वर केली. "मरतात, गनीभाई. मीही बघतो. मल्का तर बघून जेवायची नाही."

 मौलानांनी पुन्हा मला उचललं आणि दगडाच्या मधोमध मारलं. मी पुन्हा घसरले. गनीभाई जायला वळले होते. पण तो आवाज ऐकून थांबले. चाळीस वर्षं दगडाशी खेळलेला माणूस. चुकीचा घाव त्यांना ऐकवेना.

"मधी मारून न्हाई फुटत त्यो," ते पाठमोरेच म्हणाले. "शीर बघा त्याची."

"आमाला कुठली दिसतीय शीर?"

गनीभाई परत फिरले. काठावर उकिडवे बसले, आत वाकून दगडावर तळहात फिरवला, थुंकी लावून घासला. मग चपला काढून खड्ड्यात उतरले आणि मौलानांच्या हातून मला घेतलं. "मी भांडण सोडलेलं न्हाई," सरांकडं न बघता ते म्हणाले. "पर बाईनं माझी नातीन उलटी आलेली सुखरूप काढलीय. बाईला वाकडं झोपवायचं न्हाई."

मित्रांनो, शंभर वर्षांत मला इतक्या नेमक्या हातांनी कुणी धरलं नव्हतं. पहिला घाव एका बारीक रेषेवर. दुसरा त्याच रेषेवर, केसभर पुढं. तिसऱ्या घावाला दगड दुभंगला, आणि माझं टोक त्याच्या पोटात अडकून मोडलं. दुखलं का म्हणाल, तर लोखंडाला दुखत नाही. पण हलकं झाल्यासारखं वाटलं, ते खरं.

पुढची वीस मिनिटं मी काठावर पडून बघत होते. पाऊण दगड वर आला, माझा तुकडा उरलेल्या दगडातच राहिला, आणि त्यावर मुरूम पसरून तळ सपाट केला. पावणेसहाला मल्काबाईंना खाली उतरवलं. डोकं उगवतीला. सरांनी पुरचुंडीतली यरुशलेमची चिमूटभर माती त्यांच्या डोळ्यांवर ठेवली. यहुद्यांच्या एका प्रार्थनेला त्यांच्यातले दहा पुरुष लागतात, इथं ते एकटेच. ती प्रार्थना त्यांनी सोडून दिली आणि दाविद राजाचं एक स्तोत्र मराठीतून म्हटलं. ते पाळकांना पाठ होतं, त्यांनी ओठ हलवले. हीच दाऊद नबींवर उतरलेली जबूर, म्हणून मौलानांनीही मान झुकवली. गनीभाई तेव्हाही खोऱ्यानं माती ओढत होते, कारण ऊन भिंतीच्या माथ्यावर उरलं होतं.

शेवटचं घमेलं पडलं तेव्हा सूर्य बुडायला थोडा अवधी होता. गनीभाई अंगावरची माती झटकत मशिदीकडं पळाले. सर झपाझप घराकडं निघाले, शब्बाथचा दिवा लावायला. इतकी वर्षं तो मल्काबाई लावत होत्या. ते वळणावर दिसेनासे झाले आणि थोड्या वेळानं अजान झाली. गनीभाईंचा आवाज धापेनं मधेच तुटत होता, पण वेळ बरोबर साधली होती. भिवराबाईनं मला पदरानं पुसलं आणि कोनाड्यात उभं केलं.

त्याला आता काही महिने झाले. म्हाळू परत आला, मला लोहाराकडं न्यावं म्हणाला. मधे एक भंगारवालाही फाटकाशी येऊन गेला, आणि माझ्याकडं बघून त्यानं विचारपूस केली. मी घाबरले होते, कारण तुटक्या वस्तूंना माणसं फार दिवस ठेवत नाहीत.

पण एका सोमवारी गनीभाई पाटीभर सिमेंट घेऊन आले. ते अजूनही लिंबाखाली बसत नाहीत. सरांशी दोन वाक्यांपलीकडं बोलत नाहीत. त्या दिवशी त्यांनी माझ्या कोनाड्याशेजारी भिंतीला सपाट गिलावा दिला आणि तो ओला असतानाच मला उचलून माझ्या मोडक्या बाजूनं त्यावर तीन ओळी कोरल्या. मुसलमान, डोकं उत्तरेला. ख्रिस्ती, डोकं मावळतीला. यहुदी, डोकं उगवतीला.

मौलाना, पाळक आणि सर उठून बघायला आले. सरांनी तिसरी ओळ दोनदा वाचली. मग बोटानं तिच्याखालचा सुकायला आलेला थेंब पुसला आणि म्हणाले, "बरं झालं, गनीभाई. पुढची माझीच. तेव्हा सांगायला कुणी नसणार होतं."

गनीभाईंनी पाटी उचलली.  मग म्हणाले, "घाई करू नका, सर. पहारीला टोक लावायचंय आजून."

मित्रांनो, मी लोखंड आहे, उपदेश मला शोभत नाही. पण दोन गोष्टी मागते. तुमच्या गावात माझ्यासारखी एखादी सर्वांची मिळून वस्तू असेल, तर तिला गंजू देऊ नका, आणि तिच्या कोनाड्याला कुलूप लावू नका. आणि दुसरी गोष्ट मला माझं टोक गमावून कळली आहे. ज्याच्यासाठी राबायला निघालात, त्याला आधी विचारा. मैत्री जुनी आहे म्हणून सगळं माहीत असतं असं नाही. एका प्रश्नाला किती वेळ लागतो? पाळकांनी फोन हातात धरून ठेवला होता, त्याहून कमीच.

लोहाराकडं मला येत्या आठवड्यात नेणार आहेत. चार बोटं नवं लोखंड जोडतील. जुनी चार बोटं मल्काबाईंच्या उशाशी आहेत, उगवतीला.